मोरितांची नजर

१९८३ साली मृणालिनी डेट्रॉइटजवळच्या एका म्युझियममध्ये तात्पुरत्या नोकरीवर होती. पुण्याहून केमिस्ट्री करून आलेली. तिला हाताला धरून काम शिकवलं ते म्हाताऱ्या मोरितांनी. झाडाच्या चिकापासून केलेलं जपानी रोगण कसं घोटायचं, दोनशे वर्षांच्या पेट्यांचे उडालेले टवके कसे भरायचे, सगळं. पहिल्याच आठवड्यात त्या चिकानं तिचं तोंड सुजलं, तेव्हा मोरिता रोज तिच्यासाठी घरून मऊ भात आणत.

वर्षभरात त्यांची नजर अधू झाली. बोटांना सारं कळे, पण काळा कुठला आणि गडद तपकिरी कुठला ते दिसेना. ते हळूच विचारत, "काळाच ना?" ती खरं ते सांगे. ही गोष्ट दोघांपुरतीच होती.

पुढं दोघांपैकी एकाचीच पोस्ट पर्मनंट होणार असं कळलं. तिचा नवरा संजीव जवळच्याच नोव्हाय गावी मोटारींच्या कंपनीत. तिथं ले-ऑफ चालू होते. त्या रात्री तिनं मोरितांच्या नजरेचं त्याला सांगितलं.

"सांगून टाक क्युरेटरला," तो म्हणाला.

"त्यांनी मला शिकवलंय रे."

"मग? झालं ना शिकून?"

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं.

क्युरेटर बाईंनी स्टाफसमोरच टेबलावर रोगण दिलेल्या सहा लाकडी पाट्या मांडल्या. "मिस्टर मोरिता, यातल्या काळ्या तेवढ्या बाजूला काढाल?"

मोरितांनी एक पाटी उचलली. ती तपकिरी होती. मग नेहमीसारखं मान वळवून त्यांनी हळूच विचारलं, "काळी ना?"

मृणालिनीला गप्प राहता आलं असतं.

"हो, काळी," ती म्हणाली.

त्यांनी निर्धास्तपणे पाटी बाजूला ठेवली. दुसरीही तशीच विचारून ठेवली. कोणीतरी फिसकन हसलं. त्या हसण्यावरून त्यांना काय ते कळलं. उरलेल्या पाट्यांना त्यांनी हात लावला नाही. ॲप्रन सोडायला लागले, पण पाठीमागची गाठ सुटेना. मृणालिनी दोन पावलांवर उभी होती, ती हलली नाही.

पोस्ट तिला मिळाली.

वसंतात प्रदर्शन भरलं. मोरिता मुलीचा हात धरून आले. सोनेरी बगळ्यांच्या पेटीपुढच्या कार्डावर 'दुरुस्ती' या शब्दाखाली मृणालिनीचं एकटीचंच नाव होतं. मुलीनं ते त्यांना वाचून दाखवलं. मृणालिनी क्युरेटर बाईंबरोबर पाहुण्यांशी बोलत होती. आवाज ओळखून ते जवळ आले आणि किंचित वाकले.

"झाकणाच्या आतला शेवटचा थर माझा होता. नीट बसलाय ना?"

क्युरेटर बाई बघत होत्या.

"तो खराब होता," मृणालिनी म्हणाली. "खरवडून काढला. मी नव्यानं दिला."

थर जसाच्या तसा होता. त्याला हात लावण्याइतका तिचा हात अजून तयारच नव्हता.

"असं का," मोरिता म्हणाले. "सॉरी. तुम्हाला दोनदा काम पडलं."

मुलगी त्यांना दाराकडं घेऊन गेली. मृणालिनी पाहुण्यांकडं वळली आणि रोगण कसं घोटतात ते समजावून सांगू लागली.