हरिदासचा पट्टा

हरिदासचं गळ्याखालचं, खांद्याकडे जाणारं हाड मोडलं ते पोरीची स्कूटी चालवून दाखवताना, तेही अंगणातच. गावाला मात्र त्यानं रानडुक्कर आडवं आल्याचं सांगितलं. बायको रुखमा म्हणायची, "डुक्कर बिचारं जंगलात, अन् फुकट त्याचं नाव बदनाम."

डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. दोन्ही खांद्यांवरून घेऊन पाठीवर आवळायचा पट्टा दिला. हाड आपोआप जुळणार होतं. पण पट्ट्यानं खांदे असे मागे ओढले, की जन्मभर पोक काढून चालणारा हा माणूस ठाणेदारासारखा छाती काढून फिरू लागला. लाजेकाजेस्तव पट्टा तो शर्टाखाली लपवायचा.

अन् नेमकं ह्याच अवतारात त्याला भद्रावतीला मोठ्या भावाकडे जायचं होतं. गुणवंतरावांच्या पोराच्या लग्नात फोटोला कोणी बोलावलं नाही म्हणून हरिदास न जेवता निघून आला होता. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. आता पोरीचं, खुशबूचं लग्न ठरलं, आणि भावाशिवाय मांडवात उभं राहायचं त्याच्या अगदी जिवावर आलं होतं. "चूक कबूल करा अन् पाया पडा," रुखमानं बजावलं होतं.

एसटीच्या धक्क्यांनी पट्टा ढिला झाला. दारात गुणवंतरावांना पाहून हरिदास वाकायला गेला, तर कळ थेट कानापर्यंत. तो होता तसाच ताठ उभा राहिला.

"दोन वर्सानं आला, अन् अजून वाकत नाई," गुणवंतराव म्हणाले. "पत्रिका ठेव तिथी."

पत्रिका ठेवून हरिदास निघायला वळला. शर्टातून पाठीवरचं बक्कल वर आलेलं होतं.

"थांब. हे काय होय?"

"हाड मोडलं, भाऊ. पट्टा ढिला झाला. मागं माहा हात पुरत नाई."

"कसं मोडलं?"

रानडुक्कर ओठांवर आलं होतं. हरिदासनं ते गिळलं. "अंगणात पडलो. पोरीच्या स्कूटीवरून."

गुणवंतराव पोट धरून हसले. मग शर्ट वर करून त्यांनी पट्टा हळूच ओढला. "दुखते काय?"

"यानं नाई दुखत. तू लग्नाले नाई आला तर दुखन. तवा मीच चुकलो, भाऊ."

बक्कल केव्हाच लागलं होतं, गुणवंतरावांचा हात मात्र पाठीवरच होता.

"येतो ना बावा. असा छाती काढून मांडवात उभा राह्यला तर लोक तुलेच नवरदेव समजतीन. बाजूले कोणी पायजे," गुणवंतराव म्हणाले. "अन् फोटोले तुले मी सोता बोलावीन."