नाझिक आली आणि माझं ऊन गेलं

मित्रांनो, मी एक जुनी कासवीण आहे आणि माझं नाव पाशा आहे. हसू नका. कैरोतल्या शुब्रा भागात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या उस्ताद शौकत (इकडे साहेबांना उस्ताद म्हणतात) यांनी लग्नाच्या वर्षी मला घरी आणलं, तेव्हा त्यांना मी नर वाटले. पुढे एका उन्हाळ्यात मी पुदिन्याच्या कुंडीत अंडं घातलं. त्यांच्या बायकोने, इन्शिराहबाईंनी, ते अंडं हातात धरून जिन्यातल्या सगळ्यांना दाखवलं. "बघा गं बायांनो, आमच्या पाशासाहेबांचा पराक्रम!" नाव मात्र कुणी बदललं नाही.

तो काळ माझा होता. शेजारणी परीक्षेला निघालेल्या मुलांना आधी माझ्या पाठीवर हात ठेवायला लावायच्या. शौकत टपाल कचेरीतून आले की कोट काढायच्या आधी मला हाक मारायचे. मुलुखियाची भाजी निवडली की कोवळी पानं मला मिळत. मग मुलं मोठी झाली आणि नोकरीसाठी आखाती देशांत गेली, शौकत निवृत्त झाले आणि समोरच्या मोकळ्या जागेवर एक उंचच उंच इमारत उभी राहिली. तिने आमचं ऊन खाल्लं. आता दुपारच्या अजाननंतर गॅलरीच्या एका कोपऱ्यात ऊन येतं आणि थोड्या वेळाने निघून जातं. आम्हा कासवांना ऊन नसेल तर अन्नही पचत नाही, म्हणून त्या कोपऱ्यावर माझा हक्क होता.

एका शुक्रवारी शौकत जनावरांच्या बाजारातून काचेची पेटी घेऊन आले. पेटीत वाळू होती आणि वाळूत एक मांडूळ. ठेंगणं, जाडसर, आणि शेपटीजवळ कुदळीचा घाव.

"अहो, हे काय आणलंत?" इन्शिराहबाई दारातच किंचाळल्या. "या घरात एक तर तो साप राहील, नाही तर मी!"

"विकत नाही घेतला गं," शौकत म्हणाले. "बाजारातल्या त्या जनावरवाल्या बयूमीने आठवडाभर बघायला दिलाय. जखम भरत आलीय म्हणतो. विष नाही, फणा नाही, काही नाही. पसंत पडला तर ठेवायचा."

"आणि तो बयूमी फुकट देतोय वाटतं? एवढा धर्मात्मा कधीपासून झाला?"

शौकत जरा घुटमळले. "बदल्यात पाशा मागतोय. जुन्या कासवांना गिऱ्हाईक लगेच मिळतं म्हणे."

मी तिथेच होते, मित्रांनो. खुर्चीखाली. मला ऐकू येत नाही असं या दोघांना का वाटतं, कोण जाणे.

पेटी कुठे ठेवली असेल? माझ्या कोपऱ्यात! सापाला ऊब लागते म्हणे. आणि मला काय, बर्फ लागतो? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या सापाचं नावही ठेवलं, नाझिक. म्हणजे नाजूक. मला पाशा आणि ही नाझिक! दिवसभर वाळूत तोंड खुपसून पडायचं, एवढंच तिला येत होतं, तरी शौकत पेटीसमोर चहाचा पेला घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "बघ बघ, नाक बाहेर काढलं!" मी सगळी गॅलरी ओलांडून त्यांच्या पायाशी आले, तर त्यांनी न बघता पाय उचलला आणि मला जायला वाट करून दिली.

इन्शिराहबाईंवर माझी भिस्त होती. दोन दिवस त्या गॅलरीकडे फिरकल्या नाहीत. मग एकदा शौकत नाझिकला हातावर घेऊन बसले असताना त्यांना तो घाव दिसला.

"अगं बाई! उघडीच ठेवलीय की जखम! तुम्हा बापयांना काही कळतं का?"

आमच्याकडे बोट कापलं, गुडघा फुटला की त्यावर कॉफीची पूड दाबतात. रक्त थांबतं, खपली धरते. इन्शिराहबाईंनी पाहुण्यांसाठी राखलेला डबा उघडला आणि वेलदोडा घातलेली ती सुगंधी पूड चिमटीने सापाच्या जखमेवर थापली. रोज सकाळी नवा थर. "माझी बिचारी ती," असंही म्हणाल्या. गॅलरीच्या पायरीवरून पडून माझ्या पाठीला तडा गेला होता, तेव्हा माझ्या वाट्याला कॉफी आली नव्हती. शौकतनी खुर्ची चिकटवायचा डिंक फासला आणि फुटबॉलचा सामना बघायला गेले.

आठवडा संपत आला आणि नाझिकचे डोळे दुधाळ झाले. ती सुस्त पडली.

"आंधळी झाली की काय?" शौकत घाबरले. "मग बयूमीला परतच द्यावी. आजारी जनावर घेऊन काय करायचं?"

खरं सांगते, मला फार बरं वाटलं. ती कात टाकायला आली होती, हे मला वासावरून कळलं होतं. पण मी कशाला सांगू? आणि सांगणार तरी कशी?

गुरुवारी दुपारी शौकतनी मला पसरट ताटलीत कोमट पाण्यात बसवलं आणि नाझिकच्या पेटीचं झाकण नीट न लावताच ते आत गेले. थोड्या वेळाने बघते तर ही बया माझ्या ताटलीत! जुनी कात तोंडापासून उलटत मागे गेली होती आणि नेमकी शेपटीपाशी, त्या कॉफीच्या कडक थरापाशी, अडकून पडली होती. कातेची दोरी करकचून बसली होती आणि तिच्यापलीकडचं शेपटीचं टोक काळसर पडत चाललं होतं. इन्शिराहबाईंची माया तिला आवळत होती.

मला दया आली, असं सांगितलं तर तुम्हाला आवडेल. आली नाही. माझं ऊन घेतलं, माझी माणसं घेतली, आता आंघोळीचं पाणीही? मी पाठ लावली आणि तिला ढकललं. ती हलेना. पुन्हा ढकललं. तडा गेलेल्या जागी माझ्या पाठीची कड खरबरीत झाली आहे, ती तिच्या शेपटीवर घासली. भिजलेली कॉफी सुटू लागली आणि ताटलीतलं पाणी तपकिरी झालं. मी आणखी जोर लावला तशी ती दोरी तुटली, आणि नाझिक माझ्या अंगावरून सरसरत नव्या कोऱ्या कातडीनिशी पलीकडे उतरली. घावाच्या जागी फक्त एक गुलाबी रेघ उरली होती.

"अगं ये लवकर!" शौकत दारातून ओरडले. "पाशाने हिला वाचवलं! डोळेही साफ झालेत बघ!"

इन्शिराहबाई धावत आल्या. तरंगणाऱ्या कॉफीच्या काळ्या खपल्या त्यांनी बोटाने उचलल्या. मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाल्या, "माझी चूक तू निस्तरलीस गं बाई."

कौतुक झालं, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आंधळ्या, आजारी सापाला ते परत देणार होते. मीच त्याला धडधाकट करून ठेवलं होतं.

शुक्रवारी बयूमी स्वतःच आला. नाझिकला उचलून त्याने रेघ पाहिली. "बोललो नव्हतो उस्ताद? भरली जखम. आणा तुमचं कासव." आणि त्याने मला उचलून सरळ उताणं केलं, पोटावर टिचक्या मारल्या. माझे पाय हवेत. छताशिवाय काही दिसेना.

"जुनं आहे, पण खपेल," तो म्हणाला.

"सरळ कर तिला," शौकत म्हणाले. त्यांचा आवाज मी ओळखलाच नाही. "सरळ कर म्हणतो ना! दम कोंडतो तिचा."

"म्हणजे? सौदा नाही?"

शौकतनी बायकोकडे बघितलं. इन्शिराहबाईंनी डोळे पुसले आणि मान हलवली. "साप घेऊन जा बाबा," शौकत म्हणाले. "आमची म्हातारी आमच्यापाशी राहू दे."

मी जिंकले, मित्रांनो. कोपरा माझा, ऊन माझं. पहिल्या दिवशी मी त्या उन्हात इतकी पसरले की पाय दुखले. पण शौकत अजून तिथेच खुर्ची ओढतात, चहा निवतो, आणि ते माझ्या डोक्यावरून रिकाम्या जागेकडे बघत बसतात. समोर असती तर मी तिला पुन्हा ढकललं असतं. जी इथे नाहीच, तिला कुठून ढकलू?

काल दुपारी अजान झाली, ऊन कोपऱ्यात आलं. मी आत पलंगाखाली होते. शौकतनी गॅलरीतून प्रेमाने हाक मारली, "ये गं नाझिक, ऊन आलं बघ."

घरात दुसरं कुणी नव्हतं. मी गेले.

मित्रांनो, तुमच्याही घरात एखादं जुनं जनावर असेल, जुनं माणूस असेल. त्याला टाकून दिलं नाहीत, हे चांगलंच केलंत. पण तेवढ्यावर थांबू नका. हाक माराल तेव्हा त्याच्याच नावाने मारा.