मधला थर

"तुम्ही प्रोग्राम. तुम्ही कर्नेल, म्हणजे सिस्टीमचा गाभा. तुम्ही ड्रायव्हर. आणि तुम्ही प्रिंटर," असं म्हणत बाईंनी चौघांना भिंतीशी रांगेत उभं केलं. "आता प्रोग्रामला पान छापायचंय. पण प्रिंटरला हात लावायचा नाही. शेजारच्या कर्नेललाच सांगायचं. का?"

"भांडणं होतील!" मागून एक कारकून ओरडला आणि वर्ग हसला.

"बरोबर. दहा प्रोग्राम एका प्रिंटरवर तुटून पडले तर कागदाच्या चिंध्या होतील. म्हणून मध्ये हा गाभा. वरच्याचं मागणं ऐकतो, ड्रायव्हरकडून प्रिंटरला कळेल अशा भाषेत पोचवतो. खाली काय गोंधळ चाललाय, याचा वरच्याला पत्ताही नसतो."

नोकरदारांच्या संध्याकाळच्या संगणक वर्गात बाई वर्षानुवर्षं हेच शिकवत आणि घरी जाऊन हेच करत. मुलाने घरचं दुकान सोडून परगावी नोकरी धरली, तेव्हापासून बाप-लेकांचं बोलणं बंद होतं. मुलगा फोनवर बापाचं नावही काढत नसे, बाई नवऱ्याला सांगत, "तुमची फार आठवण काढत होता हो." नवरा नुसता 'हं' करी, मुलाला मात्र बाईंकडून कळे, "बाबा विचारत होते, नीट जेवतोस ना?" जीभ कधी अडखळली नाही. धास्ती एकच, दोघं समोरासमोर आले की आपलं पितळ उघडं पडणार. आणि मागच्या आठवड्यात त्या जरा वाहवल्याच. "बाबा म्हणाले, एकदा येऊन जा," असं बोलून बसल्या.

वर्ग आटोपून घरी आल्या, तर मुलगा बापासमोर खुर्चीत. बाई दारातच थबकल्या.

"बाबा, तुम्ही पाठवलेला स्वेटर अगदी बरोबर बसला," मुलगा म्हणाला.

स्वेटर बाईंनी बाबांच्या नावाने पाठवला होता. नवऱ्याने एकदाच त्यांच्याकडे पाहिलं.

"बसणारच. खांदे माझेच घेतलेत ना तू." त्याने घसा खाकरला. "आणि तू पाठवलेल्या मलमाने गुडघ्याला उतार पडला हं."

मलमही बाईंनीच मुलाच्या नावाने आणलेलं. आता मुलाने आईकडे पाहिलं.

"संपलं की मला फोन करा," तो बापाला म्हणाला. "मलाच करा."

"करेन की."

बाई स्वयंपाकघरात गेल्या, चहा टाकला. त्यांना आनंद झाला होता, अगदी मनापासून. बाहेर दोघं दुकानाबद्दल बोलत होते, मध्येच हसतही होते. चहा गाळता गाळता बाईंनी दोनदा हात थांबवून कानोसा घेतला. कुणी हाक मारली नव्हती.