अडतीसची कंबर

"शिलाईच्या धंद्यात यंत्राला स्थान नाही," मकसूद मास्टरांनी जाहीर केलं. पण शिलाई मशीनची मोटर चालू असल्यामुळे समोरच्या श्रीधरपंतांना ते ऐकूच गेलं नाही. मास्टरांनी मोटर बंद केली आणि तेच पुन्हा सांगितलं.

पंत सदाशिव पेठेतल्या त्या दुकानात रोज सकाळी पेपर वाचायला येत. आजची बातमी अशी की, फोनसमोर नुसतं उभं राहायचं, अंगाची मापं फोन घेतो. टेप नको, शिंपी नको.

"नातवानं ॲप टाकूनही दिलंय," पंत म्हणाले. "आता तुम्ही निवृत्त व्हा, मास्टर."

"तुम्ही होऊन काय केलंत, ते बघतोय ना रोज."

मास्टरांचा राग खरा होता आणि त्याखालची धास्तीही. कापड कापायचं खऱ्या मापानं, बोलायचं मात्र गिऱ्हाइकाला सोसेल ते, ही त्यांच्या वडलांची शिकवण. पंतांच्या घरी तर मास्टरांनी सांगितलेल्या आकड्यावर स्वयंपाक चाले. मास्टरांनी चाळीस म्हटलं की बटाटेवडा, साबुदाण्याची खिचडी, आमरस, सगळं बंद, असा त्यांच्या पत्नी विजयमालाबाईंचा नियम. त्यामुळे पंतांची कंबर अकरा वर्षं अडतीसवर थांबली होती. पंतांचाही त्यावर विश्वास बसला होता.

म्हणूनच विजयमालाबाई भाजीची पिशवी घेऊन आल्या, तेव्हा पंत आपण होऊन फोनसमोर उभे राहिले. पोटसुद्धा आत घेतलं नाही.

"कंबर बेचाळीस इंच," फोन गोड आवाजात म्हणाला. समोरच्या किराणावाल्यानं मान वर केली.

"मकसूदभाई," बाई म्हणाल्या, "तुमचं अडतीस ना?"

आता एक तर फोन खोटारडा, नाही तर मास्टर. मास्टर उठले. पंतांच्या कमरेला टेप गुंडाळली. आकडा चाळीसच्या बराच पुढे गेला होता. पंतांनी वरून तो पाहिला आणि त्यांचा चेहरा आमरसासारखा पातळ झाला.

"अडतीस," मास्टर ठणकावून म्हणाले. "वहिनी, फोनला हात नाहीत. त्यानं बनियनसकट मोजलंय."

"चार इंचांचा बनियन?"

"सुती आहे."

बाईंनी क्षणभर विचार केला. "तरीच. याच फोननं परवा फोटो बघून माझं वय चौऱ्याहत्तर सांगितलं. काढून टाका हो ते ॲप." आणि त्या बटाटे घ्यायला मंडईकडे गेल्या.

पंत पेपरची घडी घालत म्हणाले, "तंत्रज्ञानावर विसंबू नये."

"मी मरेपर्यंत विसंबणार नाही," मास्टर म्हणाले. पंतांच्या नव्या पँटचं कापड त्यांनी टेबलावर पसरलं, खडू उचलला आणि तो कापडावर तसाच धरून ठेवला.

"पंत, ॲप काढायच्या आधी फोन जरा इकडे करा. नेमकं बेचाळीस, का वर पाव आहे, तेवढं वाचून दाखवा. टेपवरचं हल्ली नीट दिसत नाही."