चूक सांगणारं लोखंड

गोल्फच्या तीनही काठ्या गुरांच्या टाक्यात मान खाली घालून उभ्या होत्या आणि त्यांच्यावर चिकटवलेल्या नावांच्या कागदी पट्ट्या सुटून पाण्यावर तरंगत होत्या. नूतननं कडेवरच्या गुंजनला घट्ट धरलं. सात महिन्यांच्या पोरीला पट्ट्या फारच आवडल्या होत्या. ती पाण्याकडे झेपावत होती.

"मामाजी, ह्या काठ्या पाण्यात कोणी ठेवल्या?"

"मीच ठेवलो," बकाराम म्हणाला. सत्तरीचा तिचा सासरा सकाळचं काम वेळेत उरकल्याच्या समाधानानं तंबाखू मळत बसला होता. "काल हलवून पाहिलो त दांडा लचकून राहिला होता. कुराड असो का कुदळ, दांडा सैल झाला का पान्यात ठेवा लागते. फुगते, गच्च बसते."

"हा दांडा लोखंडाचा आहे, मामाजी. लोखंड फुगत नाही."

बकारामनं जरा विचार केला. "म्हनूनच नाही फुगला," तो म्हणाला.

नूतन इंजिनिअर होती. पुण्याच्या एका लहानशा कंपनीसाठी ती सौंदडला घरी बसून गोल्फच्या लोखंडी काठ्यांची डोकी रेखाटायची. खेळणारे या काठ्यांना आयर्न म्हणतात. सौंदडात गोल्फ कोणी खेळत नव्हतं, नूतनही नाही. पण संगणकावर तिला सगळं दिसायचं. चेंडू मधोमध न लागता कडेला लागला तर काठी किती थरथरते, हाताला किती झिणझिण्या येतात, चेंडू किती भरकटतो. कडेला लागूनही जी काठी चेंडू सरळ धाडते ती माफ करणारी, असं तिनं एकदा सासूला समजावून सांगितलं होतं.

"चूक माफ करनारं लोखंड?" सुलोचनाबाई म्हणाल्या होत्या. "मले दे बाई एक. पन्नास वर्सं झाले, मी बिनामाफीच्याच मानसासंग राहून राहिली."

तिन्ही नमुने दिसायला सारखे, वजनालाही सारखे. फरक डोक्याच्या पोटात होता. एकीत नुसतं पोलाद, एकीत पातळ रबर, एकीत भरपूर रबर. ही भरपूर रबराची, सगळ्यांत माफ करणारी, नूतनची लाडकी. गुंजनसाठी घरातले पलंगाचे कोपरे आणि दारांच्या कडासुद्धा तिनं स्पंजनं मढवून टाकल्या होत्या.

बाळंतपणाच्या रजेनंतरचं हे पहिलं काम. कोणती काठी हाताला कशी लागते हे चार वाजता तिला कंपनीच्या हर्षा मॅडमना सांगायचं होतं. नाही जमलं तर काम पुण्यातल्या सहकाऱ्याकडे, हिमांशूकडे जाणार होतं. तो निदान रविवारी गोल्फ खेळायचा. आणि आता कोणती काठी कोणती, हेच तिला कळत नव्हतं.

घरामागच्या बांधीत धान कापून झालं होतं. नूतननं पदर खोचला आणि काठी फिरवली. पहिला चेंडू जागचा हललाच नाही. दुसऱ्या वेळी मातीचं ढेकूळ उडालं. तिसरा चेंडू धानाच्या तणसाच्या ढिगाऱ्यात घुसला.

"आता नांगरनी बी तूच करतेस का वो?" बांधीच्या कडेला धुऱ्यावर गुंजनला घेऊन बसलेल्या सुलोचनाबाईंनी विचारलं.

नूतनच्या हाताला काहीच कळलं नव्हतं. हातात फक्त चार वाजण्याची भीती होती.

"आन इकडं," बकाराम म्हणाला. त्यानं तंबाखू दाढेखाली सारला, पाय रोवले आणि कुदळ मारावी तसा घाव घातला. चेंडू शेजारच्या मनिरामच्या बांधीत गेला. बकारामनं हात झटकला.

"हे झोंबते. कोपरापर्यंत."

दुसरी काठी त्यानं दोनदा मारली, एकदा डोळे मिटून. मग काठीकडे संशयानं पाहिलं. "हे मुकी हाय."

"मुकी म्हणजे?"

"बराबर मारलो का चुकलो, हाताले समजूनच नाही राहिलं." तिसरी मारून झाल्यावर त्याची मान हलली. "हे सांगते. पन झोंबत नाही."

तीनही पट्ट्या नूतनच्या डोक्यात आपापल्या जागी चिकटल्या. आनंद मात्र झाला नाही. मुकी होती ती तिची लाडकी.

"पण मामाजी, चुकलं तरी त्याच काठीनं चेंडू सरळ जातो."

"एक डाव जाईन. हात शिकलाच नाही त दुसऱ्या डावाले का करशीन? लाकडात गाठ कुठं हाय ते कुराड मले सांगते. नाही सांगत त माह्या पायावर नसती आली?"

"पण हाताला दुखलं तर?"

"थोडंसं दुखते. मंग?"

चार वाजता ओसरीत लॅपटॉप उघडून नूतननं सांगून टाकलं: भरपूर रबराची नको, पातळ रबराची घ्या.

"आकडे तर उलटं सांगतायत," हिमांशू म्हणाला. "तुझेच आकडे."

"हो, माझेच," नूतन म्हणाली. "पण त्या काठीनं खेळणाऱ्याला स्वतःची चूक कळत नाही."

"चाचणी कोणी केली?" हर्षा मॅडमनी विचारलं. "खेळाडूचा अनुभव किती?"

'इथले एक जुने खेळाडू' हे वाक्य नूतनच्या जिभेवर तयार होतं. ते तिनं गिळलं. "माझे सासरे. पंचावन्न वर्षं."

"गोल्फ?"

"कुऱ्हाड, मॅडम."

हिमांशू हसला. हर्षा मॅडम हसल्या नाहीत. "आहेत का ते तिथे? काठी कशी धरली होती ते मला बघायचंय."

खांद्यावरचा दुपट्टा सारखा करत बकाराम पडद्यासमोर बसला. त्यानं दोन्ही हात पुढे केले.

"काका, आता पंजे पूर्ण उघडा ना. तळवा दिसू दे."

"उघडलेच हाये," बकाराम म्हणाला.

बोटं अर्धी मिटलेलीच होती, नसलेल्या दांड्याभोवती. नूतन रोज त्या हातांत पाण्याचा पेला देत होती. तिनं हे कधी पाहिलं नव्हतं. हिमांशूचं हसू थांबलं. हर्षा मॅडम चष्मा लावून पडद्याजवळ आल्या आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"पातळ रबराची म्हणालीस ना, नूतन? तीच पुढे नेऊ. तूच ने."

मग पुण्याकडे कागदांची सळसळ सुरू झाली, तारखा ठरू लागल्या. हात खाली घ्या असं कोणी सांगेना, म्हणून बकारामनं ते तसेच समोर धरून ठेवले.