दिवा लागायच्या आत

लोटनने सायकल रस्त्याच्या कडेला उलटी केली आणि मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं. खडीचा एक टोकदार दगड टायर फाडून थेट ट्यूबमध्ये घुसला होता. सकाळपासून दोनदा ठिगळ लावलेली ती ट्यूब आता तिसऱ्याला जागा द्यायला तयार नव्हती. फागणं केव्हाच मागे पडलं होतं, पारोळं अजून दिसत नव्हतं, आणि ऊन डोक्यावरून पश्चिमेकडे कलायला लागलं होतं.

सोनगीरहून तो चांदण्या असतानाच निघाला होता. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चार दिवस उरले होते आणि एरंडोलच्या अलीकडच्या गावात दिलेली त्याची बहीण सुमन माहेरी आणायची होती. खरं तर हे गाडीचं काम. मुराळी बैलगाडी घेऊन जातो, रात्रभर राहतो आणि सकाळी बहिणीला गाडीत बसवून आणतो. पण नेमक्या याच आठवड्यात त्यांच्या एका बैलाचा खांदा सुजला. गावातल्या बाकी साऱ्या गाड्या आपापल्या लेकी आणायला गेलेल्या. सर्व्हिस मोटारीचं पेट्रोल तर लढाईने केव्हाच पिऊन टाकलं होतं. मग लोटनने गावातल्या पंडितची सायकल मागून घेतली. पंडितने ती दिली, पण मुलगी सासरी धाडताना करतात तसा चेहरा करून.

उशीर करून चालणार नव्हतं. सुमनची सासू भिकुबाई शब्दाची पक्की म्हणून चार गावांत ठाऊक. तिने निरोप पाठवला होता, आज दिवा लागायच्या आत मुराळी दारात आला तर सून पाठवीन, नाहीतर नाही. मागल्या वर्षी लोटनचा बाप झुलाल एक दिवस उशिरा पोचला, तर तिने त्याला पोटभर जेवू घातलं आणि रिकाम्या गाडीनिशी परत पाठवलं. ती गाडी गावात शिरली तेव्हा लिंबांना झोके बांधलेले होते, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. आई धावत बाहेर आली, गाडीत डोकावली आणि चुलीपुढे जाऊन बसली. त्या आखाजीला घरात कुणाच्या घशाखाली पुरणपोळी उतरली नाही.

लोटनने डोक्याचा नवा फेटा सोडला. बहिणीच्या सासरी मिरवायचा म्हणून आईने पहाटे स्वतःच्या हाताने काढून दिलेला. क्षणभर त्याने तो छातीशी धरला. मग त्याला पीळ देत देत ट्यूबच्या जागी टायरमध्ये कोंबायला सुरुवात केली. बोटांची सालं निघाली, पण चाक भरलं.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी खडखडत आली. गाडीवर पांढऱ्या मिशांचा एक म्हातारा.

"कथा जाई राहिना रे भाऊ?"

"एरंडोलकडे, आबा. बहिणले लेवाले."

"मुराळी शे तू? सायकलवर?" म्हाताऱ्याने बैल थांबवले आणि मनापासून हसून घेतलं. "मंग बहिणले काय हँडलवर बसाडशी?"

लोटन हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. आईने दशम्या बांधून दिल्या होत्या, बापाने चाकात हवा भरली होती, पंडितने ब्रेक दोनदा तपासला होता, शेजारच्या अक्कांनी देवीला नारळसुद्धा बोलून ठेवला होता. पण सुमन येणार कशात, हे साऱ्या घरादारात एकालाही सुचलं नव्हतं. आजवर मुराळी म्हटलं की गाडी आलीच. ती वेगळी आठवायची असते हे कुणाला ठाऊक!

"पहिले पोचू तं द्या," तो म्हणाला. "मंग दखसू."

"चढ मंग गाडीमा. सायकल टाकी दे मांगे. पारोळालगून सोडस तुले."

गाडीत कडबा पसरलेला होता, वर गोणपाटाची सावली होती. पहाटेपासून पेटलेल्या त्याच्या मांड्यांनी तर केव्हाच हो म्हणून टाकलं होतं.

"नही आबा. तुम्हना बैल निवांत शेत. तठे दिवा लागी जाई."

त्याने सायकल सरळ केली आणि टांग मारली.

धुळ्यापर्यंतचा आग्रा रोड पुष्कळ बरा होता. या रस्त्यावर मात्र मैलच्या मैल नवी खडी पसरून ठेवलेली होती आणि ती दाबणारा रूळ अजून यायचा होता. तोवर गाड्यांनीच ती दाबावी अशी सरकारची इच्छा दिसत होती. फेट्याने भरलेलं चाक प्रत्येक दगडाची खबर सीटमार्फत थेट पाठीच्या कण्याला कळवायचं. खडी फार मोठी आली की लोटन उतरून ढकलत चालायचा आणि जरा दबलेली वाट दिसली की पुन्हा बसायचा. पारोळ्यात बोरी नदीच्या पात्रातल्या झिऱ्याचं पाणी तो उभ्या उभ्याच प्यायला. तिथल्या झाडाखालच्या सावलीकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. एकदा बसलो तर उठणार नाही, एवढी स्वतःची ओळख त्याला होती.

पुढे सूर्य पाठीवर आला. लोटनची सावली रस्त्यावर लांब पडली आणि पुढे पळू लागली. तो तिला शिव्या देत तिच्यामागे निघाला. चेन दोनदा उतरली. दोन्ही वेळा त्याने ती चढवली आणि हात धोतराला पुसले. मग सावली दिसेनाशी झाली. तरीही तो पायडल मारत राहिला.

गावात शिरला तेव्हा अंधार पडला होता आणि दारादारांत दिवे दिसत होते. पहिल्या घरातला दिवा पाहून त्याने पायडल आणखी जोरात मारलं. दुसऱ्या, तिसऱ्या घरापाशी त्याने मान खाली घातली. तो उतरून सायकल ढकलू लागला. परत फिरायचं मात्र त्याच्या मनातही आलं नाही. म्हातारी नाही म्हणाली तर दारात बसायचं, असं त्याने ठरवून टाकलं. आखाजी होईपर्यंत बसायचं. जेवायला वाढलं तरी जेवायचं नाही.

भिकुबाईचं घर गल्लीच्या टोकाला. ते पूर्ण अंधारात होतं. लोटन दचकला. अशा वेळी घरात दिवा नसणं त्याला चांगलं लक्षण वाटेना.

"कोन शे?" ओट्यावरून करडा आवाज आला.

"मी लोटन, मावशी. सोनगीरना. सुमनना भाऊ."

ओट्यावरची आकृती हलली नाही. "डोकावर काही नही तुना?"

"चाकमा कोंबी दिधं."

लोटनला राहवेना. "माले उशीर व्हयना, मावशी. दिवा लागना ते माले दिसस. पन मी सुमनले लिधाबिगर..."

"कोना घर लागना दिवा?"

"बठ्ठा गावमा लागना."

"गावनं माले काय सांगस? आमना घर आजून लागना नही." म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली. "रॉकेल सरी गये. तेनामुळे राही गया. सुमन, दिवा लाव. मुराळी ऊना."

दारामागे बांगड्या वाजल्या. सुमनही इतका वेळ अंधारातच बसलेली होती. सासूने मुठीतली काडेपेटी तिच्या हातात दिली. काडेपेटी घामाने ओलसर झाली होती. दोन काड्या वाया गेल्या, तिसरी पेटली. उजेडात बहिणीने भावाकडे पाहिलं, त्याच्या उघड्या डोक्याकडे आणि सोललेल्या बोटांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाला लावला.

"रडाले उद्या रस्ताभर टाईम शे," भिकुबाई पाठ फिरवत म्हणाली. "त्याले पाय धुवाले पानी दे. अन सालदार गडीले सांग, सकाळे गाडी जुंपी ठेव. हाऊ काय तुले त्या चाकवर बसाडीसन लई जाई?"

ती गाडीच्या वंगणाबद्दल पुटपुटत आत गेली. सुमनने दिवा कोनाड्यात ठेवला. काचेच्या बाटलीची साधी चिमणी होती ती. बाटलीत रॉकेल गळ्यापर्यंत भरलेलं होतं.

लोटनने ते पाहिलं. मग तो ओट्यावर बसला आणि पाय पुढे केले.