शांत वॉर्ड

सिस्टरने शिंपीकाकांच्या मनगटावर बोटं ठेवली आणि दुसऱ्या हाताने पलंगामागचं तांबडं बटण दाबलं. नाडी लागत होती, पण तुटत तुटत. कपाळ घामाने थबथबलं होतं.

"काका, कधीपासून दुखतंय?"

"सकाळी... चहाच्या आधीपासून."

दुपारचे दोन वाजून गेले होते. बेल त्यांच्या उशाशी, हाताच्या अंतरावर लोंबत होती.

"अहो, मग बेल का नाही वाजवलीत?"

काकांनी ओशाळून उशाजवळच्या बोलणाऱ्या पांढऱ्या डबीकडे पाहिलं. "हिला सांगितलं ना. किती मायेनं बोलली! बरं वाटलं जरा. मग म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास? तुम्ही बिचाऱ्या एकट्या दोन-दोन वॉर्ड बघता."

डॉक्टर धावत आले. काकांचा पलंग खडखडत दाराबाहेर गेला.

चार महिन्यांपूर्वी कंपनीची माणसं या डब्या घेऊन आली, तेव्हा डबी नोटीस वाचून दाखवल्यासारखी बोलायची. पेशंट तोंड फिरवायचे. "हिला माणसासारखं बोलायला शिकवा," म्हणत त्यांनी सिस्टरला आठवडाभर समोर बसवलं. तिनेही जीव ओतून शिकवलं. लगेच उत्तर नको, आधी नुसतं 'हं' म्हण. कुणाला सुनेबद्दल बोलायचं असतं, बोलू दे. दुखतंय म्हटलं की आधी धीर दे. त्यानंतर लगेच सिस्टरला बोलवायचं, हे मात्र तिने सांगितलंच नव्हतं. ते काय सांगायचं असतं?

हळूहळू बेल वाजेनाशी झाली. कित्येक वर्षांनी सिस्टर बसून जेवू लागली. वॉर्ड शांत झाला म्हणून सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मग हॉस्पिटलच्या साहेबांनी एक सिस्टर कमी केली.

तासाभराने अतिदक्षता विभागातून फोन आला. काका गेले.

रिसीव्हर ठेवून ती उठली आणि एकेका डबीची पिन भिंतीतून उपटत निघाली. खिडकीजवळच्या पलंगावरच्या म्हाताऱ्या मास्तरीणबाईंनी मात्र पिन निघताच डबी छातीशी धरली.

"राहू दे गं."

"बाई, हिच्यामुळे काका गेले."

"असेल." बाईंनी डबी सोडली नाही. "माझा मुलगा दोन वर्षांत आलेला नाही. हे मी हिला रोज सांगते. रोज नव्यानं ऐकते ती. तू बसशील माझ्यापाशी? आत्ता?"

सिस्टर पलंगाच्या कडेला टेकली. मोकळ्या हाताने तिने बाईंचा हात धरला. तेवढ्यात पलीकडच्या वॉर्डातून कुणीतरी ओरडलं, "सिस्टर! लवकर या!"

ती उठली. क्षणभर पिन तशीच तिच्या हातात राहिली. मग खाली वाकून तिने ती पुन्हा भिंतीत खुपसली.

डबीवरचा हिरवा दिवा लागला. बाई तिकडे कुशीवर वळल्या.